श्वास धरा, कॉर्नर आहे!

गजूभाऊंच्या घरी मॅच बघायला जाणाऱ्याला एकच नियम होता: हलायचं नाही. चहा सांडला, हलायचं नाही. पायाला मुंग्या आल्या, हलायचं नाही. टाउनचा गोल झाला त्या क्षणी तुम्ही जिथे आणि जसे असाल, तिथेच आणि तसेच मॅच संपेपर्यंत राहायचं. आणि टाउन ती मॅच जिंकली, तर पुढच्या वेळी मुकाट्याने त्याच जागी येऊन उभं राहायचं. आता आपल्याकडे क्रिकेटच्या वेळी हे घरोघरी चालतं. एका वर्ल्ड कपला बाबांनी माझ्या सख्ख्या आत्याला अख्खी इनिंग मोरीच्या दारात उभं केलं होतं, ती अजून ते बोलून दाखवते. पण आत्याच्या नशिबी एकच मॅच आली. गजूभाऊंनी आम्हाला अख्खा सीझन उभं केलं, तेही इंग्लंडात, तेही फुटबॉलसाठी.

त्यांचं पूर्ण नाव मनोहर गजभिये. मूळचे नागपूरचे. हॅल्सबी म्हणजे नॉटिंगहॅमहून ट्रेनने अर्ध्या तासावरचं आमचं गाव, आणि टाउन म्हणजे या गावचा फुटबॉल क्लब. तिथल्या हॉस्पिटलात ते एक्स-रे काढायचे. उंची बेताची, आवाज मात्र दोन माणसांचा. केस काळेभोर, आणि ते कसे, हे विचारायचं नाही. आमचं घर त्यांच्या घराला लागून, मधे एकच भिंत, आणि इथल्या भिंती म्हणजे काय, पलीकडच्याला उचकी लागली की अलीकडच्याने पाणी प्यावं.

आम्ही नवे राहायला आलो तो शनिवार. मी खोकी उघडत बसले होते आणि भिंतीपलीकडून दमदार आवाज आला, “ब्रीद इन... होल्ड!” मग इतकी शांतता की मीसुद्धा हातातली बरणी धरून थांबले. मग “अँड रिलॅक्स,” आणि त्याच्यामागोमाग पाच-सहा जणांचा मोठा सुस्कारा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. म्हटलं, वा! शेजारी प्राणायामाचा क्लास चालतो. परदेशात येऊन एवढं पुण्य लाभावं! संध्याकाळी मी छानपैकी बाकरवडीचा पुडा घेऊन गेले आणि विचारलं, “नमस्कार, नवीन बॅच कधी सुरू होतेय?”

गजूभाऊंनी माझ्याकडे आणि पुड्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग आत बायकोकडे बघून ओरडले, “अवं सुषमा, ये पाहा, पुण्याहून पेशंट आली!”

त्याचं असं होतं, की एक्स-रेच्या खोलीत आयुष्यभर ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ म्हणून म्हणून तो मंत्र त्यांच्या जिभेवर बसला होता. टाउनला किंवा टाउनविरुद्ध कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून गोलसमोर बॉल मारायची संधी, मिळाला की तो आपोआप बाहेर पडायचा, आणि खोलीतला प्रत्येक जण श्वास धरून बसायचा. बॉल इकडचा तिकडे झाला की “रिलॅक्स.” एकदा समोरच्या टीमला लागोपाठ कॉर्नर मिळत गेले तेव्हा मला खरोखर चक्कर आली होती.

हलायचं नाही हा नियमही तिथूनच आलेला. मी एकदा न राहवून म्हटलं, “गजूभाऊ, तुम्ही एवढे विज्ञानवादी. नवस नाही, मुहूर्त नाही, घरात लिंबू फक्त सरबतासाठी. आणि ही अंधश्रद्धा?”

“अंधश्रद्धा?” ते भडकलेच. “अवो पुणेवाली, पेशंट हलला की एक्स-रे खराब होते का नाही? होते! मग? हे निरीक्षण आहे. अंधश्रद्धा तुमच्या पुण्यात.”

पुण्याचा आणि कशाचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. नागपूरच्या माणसाच्या कुठल्याही वादात शेवटी पुणं हरतंच.

ते टाउनचे भक्त कसे झाले, तो किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा. नोकरी लागून पहिल्यांदा या गावात आले तेव्हा एकटेच. सुषमावहिनी अजून नागपूरलाच शाळेत शिकवत होत्या. हातात सुटकेस, अंगात तीन स्वेटर, स्टेशनातून बाहेर पाऊल टाकतात तो काय! सगळा रस्ता निळा. निळे झेंडे, निळे मफलर, पोरंबाळं खांद्यावर, बायामाणसं गात चाललेली.

“माझ्या डोळ्यात पाणीच आलं ना,” गजूभाऊ सांगायचे. “म्हटलं, बाप्पा! इतके आपले लोक! जयंती तं एप्रिलमध्ये असते, हे काहून आत्ता करून राहिले? पण म्हटलं, असन काही कार्यक्रम. मी सुटकेससकट शिरलो मिरवणुकीत. एकाला म्हटलं, जय भीम! तो म्हणाला, ऑल राइट मेट!”

मैदानाच्या फाटकापाशी गेल्यावर त्यांना उमगलं. पण शेजारून चालणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे जास्तीचं तिकीट होतं, भाऊ आजारी पडला होता त्याचा. त्याने ते गजूभाऊंच्या हातात ठेवलं, सुटकेस स्वतः उचलली आणि आत नेलं. टाउन तेव्हा पार खालच्या डिव्हिजनमध्ये होती. सणसणीत हरली.

“पण हरल्यावर कोणी उठलंच नाही वो,” गजूभाऊ इथे दर वेळी थांबायचे. “उलट उभे राहून अजून जोरात गाऊ लागले. मी म्हटलं, झालं. हे आपलेच लोक आहेत.”

तेव्हापासून ते टाउनचे. निळा मफलर गळ्यात पडला तो कधी निघालाच नाही. जयंतीला कॅमडेनच्या स्मारकावर जातानाही तोच मफलर, आणि तिथे कोणाला तो वेगळा वाटलाही नाही.

सुषमावहिनी पुढच्याच वर्षी आल्या. त्यांना चांगली कायमची नोकरी सोडून यावं लागलं. इथे एका शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांना वाढायचं काम त्यांनी केलं, हसत केलं, पण मन नागपुरातच राहिलं. त्यांची बहीण तिथे, मैत्रिणी तिथे, बेसा रोडला बांधून ठेवलेलं घर तिथे. त्यांची तक्रारही अशी होती की ऐकणाऱ्याला हसू यावं आणि मग येऊ नये. “मेधा, मला ना एकदा घाम यायला पाहिजे,” त्या म्हणायच्या. “असा मानेवरून निथळणारा. इतक्या वर्षांत नाही आला गं मला नीट घाम.”

गजूभाऊ दर वर्षी म्हणायचे, जाऊ. टाउन एकदा टॉप डिव्हिजनला चढली की जाऊ. हे म्हणायला काही जात नव्हतं, कारण टाउन चढेल असं टाउनच्या खेळाडूंनाही वाटत नव्हतं.

आणि चढली की हो! त्या मे महिन्यात गाव वेडं झालं. पोस्टमन नाचत होता. मी फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी बाई, मीही चौकात कोणाच्या तरी आजीला मिठी मारून रडले. रात्री गजूभाऊंकडे तर्री पोह्यांवर ताव मारत सगळे बसलो असताना वहिनींनी पदराला हात पुसले आणि विचारलं, “अहो, मग तिकिटं कधीची काढायची?”

खोलीत अशी शांतता, जणू कॉर्नर मिळालाय.

“आता वर गेले तं एक सीझन पाहू दे ना,” गजूभाऊ पडेल आवाजात म्हणाले. “असंही पुढच्या उन्हाळ्यात रिटायरच होऊन राहिलो.”

“ठीक आहे. एक सीझन,” वहिनी म्हणाल्या. शिक्षिकेचा आवाज होता तो. “वीस क्लबांतले शेवटचे तीन खाली जातात ना? तुमचा क्लब खाली गेला की त्याच आठवड्यात नागपूर. वर राहिला तर राहा आणखी एक वर्ष, मी अडवणार नाही. मेधा, कीथ, तुम्ही साक्षीदार.”

कीथ म्हणजे हॉस्पिटलातला पोर्टर, गजूभाऊंचा जिवलग मित्र. सहा फुटांच्या वर उंच, डोक्यावर एक केस नाही, आणि गजूभाऊंच्या संगतीने पक्का नागपुरी झालेला. त्याने पोह्यांनी भरलेल्या तोंडाने “हाव” म्हणून साक्ष दिली.

सीझन सुरू झाला आणि टाउन जी आपटायला लागली! घरच्या मैदानावर गजूभाऊ आणि कीथ जाऊन बसायचे आणि घसा बसवून परत यायचे. बाहेरगावची मॅच असली की आम्ही त्यांच्या बैठकीत. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस इथे टीव्हीवर दाखवत नाहीत, त्यामुळे रेडिओ. हार, हार, बरोबरी, हार. वहिनींनी एक बॅग माळ्यावरून काढून ठेवली.

आणि मग नोव्हेंबरात तो गोल झाला.

त्या क्षणी कोण कुठे होतं ते सांगते. गजूभाऊ पावसात भिजलेले मोजे बदलत होते, एका पायात मोजा, एक पाय उघडा. कीथचा चष्मा पडला होता म्हणून तो जेवणाच्या टेबलाखाली शिरला होता. मी ओव्हनमधून कटलेट काढून, हातात तो जाडजूड हातमोजा तसाच, बैठकीच्या उंबऱ्यावर आले होते. आणि वहिनी इस्त्रीचे कपडे घेऊन वर निघाल्या होत्या, त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून “चहा कोणाकोणाला?” असं विचारत होत्या.

गोल! बाहेरगावी, मोठ्या टीमविरुद्ध!

“हलू नका!” गजूभाऊ किंचाळले.

आम्ही जिंकलो. आणि पडलं ते गळ्यात. पुढच्या प्रत्येक बाहेरगावच्या मॅचला एवढा धिप्पाड कीथ टेबलाखाली, मी हातमोजा घालून उंबऱ्यावर, गजूभाऊ एका मोज्यावर, आणि वहिनी तिसऱ्या पायरीवर. कीथला पुढे पुढे तिथे उशी आणि चिवड्याची वाटी मिळायला लागली. त्याच्या बायकोने एकदा मला रस्त्यात गाठून काळजीने विचारलं, तुमच्या धर्मात टेबलाला काही अर्थ असतो का?

गंमत म्हणजे टाउन खरंच सावरायला लागली. फेब्रुवारीत तर कहर झाला. आम्ही एका गोलने पुढे, आणि वहिनींनी मंद आचेवर ठेवलेले शेंगदाणे करपून स्मोक अलार्म कोकलायला लागला. एक माणूस हलेल तर शपथ! “गॅस... गॅस...” वहिनी पायरीवरून म्हणत होत्या. “मेधा, तू जवळ आहेस!” मी म्हटलं, “वहिनी, मी उंबऱ्यावर आहे!” धूर बैठकीत आला. टेबलाखालून खोकला यायला लागला. शेवटी माझा नवरा निखिल, ज्याला या खेळात काडीचा रस नाही, तो मागच्या दाराने धावत आला, गॅस बंद केला आणि आमच्याकडे बघतच राहिला. चार माणसं धुरात पुतळ्यासारखी, त्यातला एक टेबलाखाली आणि एक एका मोज्यावर.

“निखिल,” गजूभाऊ गंभीरपणे म्हणाले, “तुझी कुठं जागा ठरली नाही. तू हलू शकते. खिडकी उघड.”

तेव्हापासून निखिल आमचा हलणारा माणूस. पाणी देणं, दार उघडणं, कीथला चिवडा पोचवणं ही त्याची कामं.

पण मार्चमध्ये निखिल नसताना एकदा बेल वाजली. पार्सल होतं. वहिनी सवयीने पटकन खाली उतरल्या, आणि त्यांचा पाय फरशीला लागतो न लागतो तोच समोरच्या टीमचा गोल. गजूभाऊंनी नुसतं दाराकडे पाहिलं. वहिनी पार्सल घेऊन परत पायरीवर चढल्या, आणि अचानक त्यांना हसू फुटलं.

“म्हणजे तुमचा क्लब माझ्या पायात आहे म्हणायचा!” त्या म्हणाल्या. “बघा हं. एक दिवस उतरेन मी सरळ खाली, आणि जाऊन बसेन विमानात.”

सगळे हसले. गजूभाऊही हसले, पण जरा उशिराने. मला मात्र तेव्हापासून ती पायरी वेगळीच दिसायला लागली. माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता. वहिनींचा तर नव्हताच. पण गजूभाऊंचा होता, भले ते त्याला काही म्हणोत, आणि वहिनींना हे पुरतं ठाऊक होतं.

शेवटच्या रविवारी टाउन खालून चौथी होती. मॅच बाहेरगावी. बरोबरी पुरे होती. हरलो तर खाली, म्हणजे नागपूर. त्या दिवशी मॅच टीव्हीवर होती, निखिल कामावर होता, आणि आम्ही चौघं आपापल्या जागी. गजूभाऊंनी दाढी केली नव्हती. माळ्यावरून काढलेली बॅग जिन्याखाली उभी होती, आणि शेजारच्या छोट्या टेबलावर वहिनींचा फोन.

एक त्यांचा, एक आमचा. बरोबरी. वेळ सरता सरेना. उंबऱ्यावरून मला एका बाजूला बैठक दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला जिना, म्हणजे त्या घरात ते दोघंही दिसत होते ते मला एकटीलाच. इकडे गजूभाऊ एका मोज्यावर उभे. तिकडे वहिनी कठडा धरून.

आणि फोन वाजला. नागपूरहून बहिणीचा, रविवारचा. स्क्रीनवर तिचा फोटो, अंगणातल्या खुर्चीवर बसून काढलेला. दोन पायऱ्या उतरून हात लांब केला की फोन हातात. वहिनींनी त्या फोटोकडे पाहिलं. मग बॅगेकडे. मग त्यांनी एक पाय उचलला.

आई शप्पत सांगते, माझं मलाच कळेना. थांबा म्हणू, की उतरा म्हणू? मला दोन्ही म्हणायचं होतं.

तो पाय तसाच अधांतरी राहिला. वहिनींनी वाकून पोटरी चोळली, पेटका आला असावा, आणि पाय परत होता तिथेच ठेवला. तिसऱ्या पायरीवर. फोन वाजून वाजून बंद झाला.

इकडे समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. शेवटचाच.

“ब्रीद इन,” गजूभाऊ म्हणाले. आवाज पार गेला होता. “होल्ड.”

बॉल आला. वीस-बावीस डोकी हवेत गेली. कोणाचं तरी डोकं लागलं, बॉल बारवर आदळला, खाली पडला, कोणीतरी लाथ मारली, आणि शिट्टी वाजली. टाउन वर राहिली! पण बैठकीत आवाज नाही. ‘रिलॅक्स’ आलंच नव्हतं. गजूभाऊ तोंड फुगवून तसेच उभे, मी तशीच, टेबलाखाली कीथ तसाच.

“अहो, सोडा आता श्वास,” जिन्यावरून वहिनी म्हणाल्या. “झालं. राहिले वर.”

मग जो दंगा उसळला! कीथने टेबलाखालून उठताना टेबल डोक्यावर घेऊनच उठायचा प्रयत्न केला. मी हातमोजा छताला फेकला. गजूभाऊ मात्र सरळ बाहेर आले. वहिनी अजून पायरीवरच होत्या, पाय बधिर झाला होता.

“उतरली काहून नाही?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही रडला असता,” वहिनी म्हणाल्या. “रडका माणूस नागपूरला नेऊन मी काय करू? एक वर्ष काय, जाईल तेही.”

गजूभाऊ खालच्या पायरीवर बसले आणि वहिनींची पोटरी चोळायला लागले. मी आत जायला हवं होतं, पण गेले नाही.

“चल,” ते म्हणाले. “निघू.”

“कुठे?”

“नागपूर. त्याच आठवड्यात ठरलं होतं ना? त्याच आठवड्यात तिकीट काढतो.”

“अहो, पण ते वर राहिलेत!”

“म्हणूनच तं,” गजूभाऊ म्हणाले. “सुषमा, तुला सांगितलं नाही मी. खाली गेले असते ना, तं माझ्याच्यानं येणंच झालं नसतं. पडलेल्याला सोडून कसं जाऊ वं? पुन्हा चढेपर्यंत बसून राहिलो असतो. आता उभे आहेत ते. आता जाता येते.”

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. “म्हणजे मी उतरले असते तर...?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ते गेले. कीथ विमानतळावर लहान मुलासारखा रडला. निळा मफलर, भर उन्हाळ्यात, गजूभाऊंच्या गळ्यात.

आता मॅच आमच्या घरी. नव्या सीझनचा पहिलाच शनिवार, बाहेरगावची मॅच, दुपारी तीनची. मी रेडिओ लावणार तोच नागपूरहून व्हिडिओ कॉल. “रेडिओ बंद कर!” गजूभाऊ गरजले. “इथं टीव्हीवर दाखवून राहिले! तुमच्या इंग्लंडात नाही, माझ्या नागपुरात दाखवून राहिले! मी सांगतो, तुम्ही ऐका.”

अंगात बनियन, गळ्यात मफलर, एका पायात मोजा. त्यांच्यामागे नव्या घराचा जिना, आणि तिसऱ्या पायरीवर एक चक्क गादी घातलेली. तिच्यावर ऐसपैस बसलेल्या वहिनी, मांडीवर इस्त्रीचे कपडे नाहीत की काही नाही, हातात फक्त पुठ्ठ्याचा पंखा. लाइट गेल्यागत उकडत होतं तिथे. त्यांच्या मानेवरून घाम निथळत होता, आणि त्या कॅमेऱ्याकडे बघून मला खूण करत होत्या: बघ, बघ!

आम्ही आपापल्या जागा घेतल्या. माझं जेवणाचं टेबल जरा ठेंगणं आहे, कीथला पाय बाहेर ठेवावे लागतात. बराच वेळ गजूभाऊंनी असं वर्णन केलं की आम्हाला बॉल कुठे आहे ते कळेना, पण रेफरीच्या सात पिढ्या कळल्या. मग ते एकदम खुर्चीतून उठले.

“कॉर्नर! आपल्याला! ब्रीद इन...” सगळ्यांनी श्वास घेतला. “होल्ड!”

आणि चित्र अडकलं. गजूभाऊंचे गाल फुगलेले, एक मोजा हवेत, मागे वहिनींचा पंखा कपाळापाशी थांबलेला. आवाज नाही, हालचाल नाही. निखिल राऊटरकडे धावला, हलायची परवानगी त्या एकट्यालाच. मी उंबऱ्यावर हातमोजा घालून उभी, डोळे त्या पडद्यावर.

टेबलाखालून कीथचा गुदमरलेला आवाज आला, “गाज? सोडू का बे?”